पानिपताहून एकट्याची वाट

दिल्लीहून पंजाबकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर उन्हाळ्याच्या दिवसांत, सायकलीच्या मागे बोचके बांधून एकटाच निघालेला एखादा तरुण हल्ली दृष्टीस पडतो. त्यास मनालीपलीकडचे घाट चढून लडाखच्या थंड वाळवंटात जावयाचे असते. हे वेड आपल्याकडे अगदीच नवे नव्हे. फ्रामरोज दावर हा मुंबईचा पारशी गृहस्थ १९२४ साली सायकलीवर एकटा जगप्रवासास निघाला. व्हिएन्नात त्यास एक ऑस्ट्रियन सोबती भेटला, आणि सहाराचे वाळवंट व अँडीजचे पहाड तुडवीत ही जोडी सुमारे सात वर्षे भ्रमंती करीत होती. अशा प्रवाशांविषयी आपणांस कौतुक वाटते ते मुख्यतः यासाठी की, घर, हुद्दा, ओळखीपाळखी मागे टाकून माणूस स्वतःच्या दोन पायांवर कोठवर जाऊ शकतो, हे ते आपणांस दाखवितात.

लडाखचा हा प्रवासी पानिपत शहरावरून जातो तो बहुधा उंच पुलावरूनच. खाली उतरण्याचे त्यास कारण नसते. आपण मराठी माणसे मात्र दिल्लीस बदली झाली की पहिल्या वर्षातच एखादा रविवार गाठून तेथे जातो, काळ्या आंब्याच्या स्मारकापाशी उभे राहतो आणि संख्यांचे बोलणे बोलून परततो. किती पडले, किती धरले गेले, किती परतले. या संख्यांच्या गर्दीत एका प्रवासाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तो याच गावातून, १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळनंतर, पायी सुरू झाला. करणारा अठरा वर्षांचा होता. एकोणिसावे पुरे होण्यास अद्याप महिना उरला होता. आणि विशेष म्हणजे त्याने तो पुढे स्वतः लिहून ठेवला.

त्याचे नाव बाळाजी जनार्दन भानू. पुढे ज्यास सारे हिंदुस्थान नाना फडणीस म्हणून ओळखू लागले, त्याच्याविषयी एकवचनी लिहिताना लेखणी क्षणभर अडखळते. परंतु त्या रात्री त्याच्यापाशी बहुवचनास आधार असे काहीच उरले नव्हते. वडील १७५६ त वारले, आणि पेशव्यांच्या दप्तराची फडणिशी पोरवयातच त्याच्याकडे आली. सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर तो उत्तरेत आला तो लढण्यासाठी नव्हे. आई व पत्नी यांस तीर्थे घडावीत, हा हेतू होता. मथुरा-वृंदावन झाले, दिल्ली पाहिली. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली आणि ही तीर्थयात्रा पानिपतच्या खंदकाआड अडकून पडली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याचा मामा बळवंतराव मेहेंदळे चकमकीत ठार झाला. त्यानंतरचे दिवस उपासमारीचे होते.

येथे नकाशा डोळ्यांपुढे आणणे अवश्य आहे, कारण पुढचा सारा प्रवास त्यावर ठरला. आपण सहज असे धरून चालतो की, पराभव झाला म्हणजे फौज ज्या वाटेने आली त्या वाटेने परत जाते. पानिपतात ते शक्यच नव्हते. मराठे दिल्लीकडे, म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून उभे होते आणि शत्रू त्यांच्या व दिल्लीच्या मध्ये होता. घराची वाट ही शत्रूच्या छावणीतून जाणारी होती. पूर्वेस यमुना, आणि तिच्या पलीकडे रोहिल्यांचा मुलूख. उत्तरेस गेले तर घर दूरच पडणार. उरली पश्चिम: तिकडे रोहतक-झज्जरचा कोरडा, वालुकामय प्रदेश, पुढे रेवाडीभोवती अरवलीची शेवटची टेकाडे, आणि तेथून वळसा घालून मग दक्षिण. ज्याला दक्षिणेस जावयाचे आहे त्याने आधी पश्चिमेकडे चालावे, हे त्या भयंकर संध्याकाळी सुचणे ही साधी गोष्ट नव्हती.

विश्वासराव पडल्यावर दिवस मावळण्याच्या आतच फौजेची फळी फुटली. नाना घोड्यावर होता. तो पानिपत गावापर्यंत येऊन पोहोचला, तेव्हा त्यास वाटेची काही माहिती नव्हती. तेथे त्यास रामाजीपंत भेटले. त्यांचा सल्ला थोडक्यात असा होता की, घोडा सोडून द्यावा आणि अंगावरची वस्त्रे टाकावीत. नानाने तो ऐकला.

माझ्या मते या एका निर्णयात त्याचा जीव वाचला. घोडा हा पळणाऱ्याचा आधार खरा. पण त्या रात्री घोडा ही दुरून दिसणारी ओळख होती. पौष शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, म्हणजे अर्धी रात्र मैदानावर चांदणे होते आणि पाठलाग करणाऱ्यांस ते पुरेसे होते. भरजरी वस्त्र म्हणजे तर लुटारूस आमंत्रणच. ग्रँट डफने नानाच्या मुत्सद्देगिरीची वाखाणणी करूनही त्याच्या अंगी वैयक्तिक धैर्य नसल्याचा शेरा मारला, आणि आपल्याकडील पुष्कळांनी तो जसाच्या तसा उचलला. नाना शिपाई नव्हता हे कबूल. परंतु घोडा, वस्त्र आणि हुद्दा एका क्षणात उतरवून अनोळखी अंधारात पायी शिरणे, हे भित्रेपणाचे लक्षण आहे असे मला वाटत नाही. भ्यालेला माणूस घोड्यास अधिकच घट्ट धरतो.

या निर्णयाची दुसरी बाजूही झाकता येणार नाही. आई आणि पत्नी मागे राहिल्या. त्या गर्दीत त्यांस शोधणे शक्य होते काय, याचा निवाडा अडीच शतकांनंतर खुर्चीत बसून करू नये. पण तो एकटा चालू लागला, हे सत्य त्या प्रवासाच्या प्रत्येक कोसावर त्याच्याबरोबर चालत होते.

वाटेत त्यांस पुनःपुन्हा अडविले गेले, झडत्या झाल्या. बरोबरच्या रामाजीपंत व बापूजीपंतांवर वार झाले. नाना निसटला, गवतात दडून राहिला, आणि तेथून पुढची वाट त्याची एकट्याची झाली. पोटात अन्न नाही म्हणून त्याने झाडाचा पाला खाल्ला. पुढे एका बैराग्याने त्यास अन्न दिले, त्याची गोडी तो आवर्जून नोंदवितो. ज्याच्या सहीवाचून पुण्यात हिशेबाचा कागद पुरा होत नसे, त्याने एका गोसाव्यापुढे हात पसरला. जानेवारीतली तिकडची थंडी ज्यांनी सरकारी लोकरी कपड्यांतही सोसली आहे, त्यांस उघड्या अंगाने काढलेल्या त्या रात्रींविषयी अधिक सांगावयास नको.

गावोगावच्या लोकांनी पळणाऱ्यांस लुटले, कापले, याचा राग आपल्या बखरकारांच्या शब्दांत भरून राहिला आहे. तो समजण्यासारखा आहे. तथापि त्या मुलखाने गेली कित्येक वर्षे कधी अफगाण तर कधी मराठी फौजांच्या टाचा सोसल्या होत्या. उभ्या पिकातून घोडे कोणाचे गेले हे शेतकरी फार पारखून पाहत नसतो. आश्चर्य वाटावे ते लुटीचे नव्हे. त्याच मुलखात एक बैरागी निघाला, एक सावकार निघाला, आणि रेवाडीस आसरा देणारे घर निघाले, याचे वाटावे. या मंडळींचे पेशव्यांशी काही देणेघेणे नव्हते.

रेवाडीहून डीग. पानिपत ते रेवाडी सरळ रेषेत मोजले तरी सुमारे १४० किलोमीटर भरते, आणि तेथून डीग आणखी शंभराच्या वर. डीग सूरजमल जाटाचे. भाऊंशी न पटल्यामुळे सूरजमल मोहिमेतून आधीच बाजूला झाला होता. त्याने व राणी किशोरीने पराभूत मराठ्यांस अन्न, वस्त्र, औषधपाणी दिले आणि ग्वाल्हेरकडे सुखरूप लावून दिले. बाजीरावाचा पुत्र समशेर बहादूर जखमी होऊन येथवर पोहोचला आणि वारला. सूरजमलाने मनात आणले असते तर याच वेळी मागचा हिशेब चुकता करून घेता आला असता.

पत्नीचे वर्तमान नानास वाटेत मिळाले. विरोजी बारावकर याने तिला वाचवून जिगणीस आणले होते. आई मात्र भेटली नाही. तिच्या मृत्यूची वार्ता तेवढी आली. पुढे ग्वाल्हेरीस पार्वतीबाई, नाना पुरंदरे, मल्हारराव होळकर अशी उरलेली मंडळी एकत्र झाली आणि दक्षिणेची वाट धरली गेली.

याच युद्धाचा दुसरा एक मराठी साक्षीदार शत्रूच्या छावणीत होता. काशीराज हा दक्षिणी ब्राह्मण, शुजाउद्दौल्याच्या पदरी. परक्या दरबारात नोकरी करणारा आपलाच एक पूर्वज म्हणाना! विश्वासरावाच्या देहाची विटंबना टळून अग्निसंस्कार व्हावा यासाठी त्याने खटपट केली, आणि पुढे फारसीत त्या लढाईची हकीकत लिहिली. ती व्यवस्थित, सर्व बाजू सांगणारी आहे; अधिकाऱ्याने लिहावी तशी. नानाच्या आत्मवृत्तात तसा पट नाही. त्यात एक मुलगा आहे, त्याच्या बालपणीच्या देवपूजेची आवड आहे, तारुण्यातील मोहांची कबुली आहे, आणि मग अकस्मात ही पायवाट. जॉन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने केलेले त्याचे भाषांतर १८३० च्या सुमारास लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने छापले. आपल्या इतिहासकारांनी पानिपतासाठी काशीराज पुष्कळ वापरला. नानाचे वृत्त मात्र बहुधा त्याच्या चरित्राच्या पहिल्या प्रकरणापुरते राहिले.

पुढील चाळीस वर्षांच्या कारभारात नाना बातमी राखण्याबद्दल प्रसिद्ध झाला. दूरदूरच्या दरबारांतील हालचाल त्याच्या वकिलांच्या व हरकाऱ्यांच्या पत्रांतून पुण्यास येत असे. वाट ठाऊक नाही अशा स्थितीत पुन्हा सापडावयाचे नाही, असा त्याचा बाणाच होता म्हणावे. १७९६ त पुण्यातील राजकारण उलटले तेव्हा त्यास पुन्हा पळावे लागले. तेव्हा तो चोपन्न वर्षांचा होता. या वेळी तो साताऱ्याकडून वाईस आणि तेथून घाट उतरून महाडास गेला. बरोबर माणसे होती, पैसा होता, आणि कोणती वाट कोठे निघते हे पक्के ठाऊक होते. महाडास बसूनच त्याने शिंदे, निजाम व नागपूरकर भोसले यांच्याशी सूत्रे जुळविली, आणि त्याच वर्षी तो पुण्यास परतून पुन्हा कारभारावर बसला.