लंडनची फुकट संग्रहालयं : तिकिटाचे पैसे कोणी भरले?

  आज आपण लंडनला जाणार आहोत. तुमच्यापैकी अनेकांची मुलं, भाचे, पुतणे तिकडे शिकायला किंवा नोकरीला आहेत. त्यांच्याकडे जाऊन आलेली माणसं एक गोष्ट हमखास सांगतात. त्या शहरात सगळं महाग, साधा चहासुद्धा रुपयांत मोजला की घशाखाली उतरत नाही. पण ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, सायन्स म्युझियम, नॅचरल हिस्टरी म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांच्या कायमच्या दालनांना तिकीटच नाही.

आपण म्हणतो, केवढं हे मोठं मन! पण इतिहासात शिरलं की दोन प्रश्न पडतात. हे दार खरोखर सगळ्यांना उघडं होतं का? आणि आत जाणाऱ्याने पैसे दिले नाहीत, तर मग दिले कोणी?

सुरुवात करू १७५३ पासून. त्या वर्षी जानेवारीत सर हॅन्स स्लोन नावाचे प्रसिद्ध डॉक्टर वारले. त्यांच्या संग्रहात पुस्तकं, हस्तलिखितं, नाणी, वाळवलेल्या वनस्पती अशा ७१ हजारांहून अधिक वस्तू होत्या. मृत्युपत्रात त्यांनी लिहून ठेवलं होतं की वारसांना २० हजार पौंड द्या आणि हा संग्रह राष्ट्राने घ्या. सरकारी तिजोरीतून पैसे द्यायची तयारी नव्हती. म्हणून पार्लमेंटने चक्क लॉटरी काढली! तीन-तीन पौंडांची एक लाख तिकिटं. बक्षिसं आणि खर्च वजा जाता सुमारे ९५ हजार पौंड उरले आणि त्यातून ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं.

स्लोन यांची संपत्ती नुसत्या डॉक्टरीतून आलेली नव्हती. पत्नीकडून त्यांना जमैकातल्या ऊसमळ्यांचं उत्पन्न मिळत होतं आणि त्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. म्हणजे लॉटरी घेणाऱ्यांच्याही आधी या संग्रहाची किंमत त्या गुलामांनी मोजली होती. २०२० मध्ये म्युझियमने स्लोन यांचा अर्धपुतळा काचेच्या कपाटात हलवला आणि शेजारी ही हकीकत मांडली.

१५ जानेवारी १७५९ रोजी म्युझियम लोकांसाठी उघडलं. प्रवेश पहिल्या दिवसापासून फुकट. पण आत जायचं कसं, ते ऐका. आधी दरवानाकडे जाऊन नाव, पत्ता आणि आपली सामाजिक पायरी लिहून द्यायची. अर्ज मंजूर झाला तर पुन्हा येऊन तिकीट न्यायचं आणि नेमलेल्या वेळी पुन्हा हजर व्हायचं. रोजंदारीवर काम करणारा माणूस इतक्या खेपा कशा घालणार? शिवाय आत मनासारखं फिरता येत नसे. अधिकारी पुढे आणि छोटा घोळका त्याच्या मागे.

१७८४ मध्ये बर्मिंगहॅमचे पुस्तकविक्रेते विल्यम हटन लंडनला आले होते. त्यांनी एका माणसाकडून हे फुकटचं तिकीट जवळजवळ दोन शिलिंग देऊन विकत घेतलं. सिनेमाच्या थिएटरबाहेरचा काळाबाजार आपल्याला ठाऊक आहे, तसाच हा प्रकार. आत गेल्यावर त्यांना अर्ध्या तासात सगळ्या दालनांतून पळवत बाहेर काढलं. काहीच नीट बघू दिलं नाही, अशी खंत त्यांनी पुढे लिहून ठेवली. तिकिटाची ही भानगड एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपली.

आता नॅशनल गॅलरी. १८२४ मध्ये सरकारने अँगरस्टाइन नावाच्या सावकाराची ३८ चित्रं ५७ हजार पौंडांना घेतली. पुढे गॅलरीची इमारत ट्रफाल्गर चौकात बांधली. या जागेमागे विचार होता : पश्चिमेकडून श्रीमंतांनी बग्गीतून यावं आणि पूर्वेकडच्या वस्त्यांतून गरिबांनी पायी यावं. तिकीट माफ केलं, पण संग्रहालय गावाबाहेर बांधलं तर गरीब येणार कसा?

जागेनंतर मुद्दा वेळेचा. दिवसभर कारखान्यात असलेला कामगार कधी येणार? १८५७ मध्ये साउथ केन्सिंग्टन म्युझियम उघडलं. आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम ते हेच. तिथले प्रमुख हेन्री कोल यांनी दालनांत गॅसचे दिवे लावले, म्हणजे कामावरून सुटलेली माणसं रात्रीसुद्धा येऊ शकतील. मात्र तिथे सगळे दिवस फुकट नव्हते. काही वार विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेले होते आणि त्या दिवशी इतरांना सहा पेन्स पडत. राष्ट्रीय संग्रहालयं रविवारी उघडू लागली १८९६ मध्ये. कामगाराच्या सुटीचा दिवस नेमका रविवार, म्हणजे तोवर त्याच्या मोकळ्या दिवशी दार बंदच!

विसाव्या शतकात खरी ओढाताण झाली. जानेवारी १९७४ मध्ये हीथ यांच्या सरकारने राष्ट्रीय संग्रहालयांना प्रवेशशुल्क लावलं. सरकार बदललं आणि तीनच महिन्यांत ते रद्द झालं. १९८० च्या दशकात पुन्हा वारं फिरलं. नॅचरल हिस्टरी म्युझियमने १९८७ मध्ये आणि सायन्स म्युझियमने १९८८ मध्ये तिकीट लावलं. ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरी मात्र फुकटच राहिली.

पुढची अडचण कराची होती. जीएसटी भरणाऱ्या दुकानदारांना ही गोष्ट चटकन कळेल. तिकडच्या व्हॅटच्या नियमानुसार तिकीट लावणाऱ्या संग्रहालयाला खरेदीवर भरलेला कर परत मिळे. फुकट प्रवेश देणारं संग्रहालय मात्र धंदा करत नाही असं धरलं जाई, म्हणून त्याला परतावा नाही. म्हणजे तिकीट काढून टाकलं की दुहेरी नुकसान. २००१ मध्ये हा नियम बदलला. मुलांना १९९९ पासून आणि साठीपुढच्यांना २००० पासून प्रवेश माफ झालाच होता. १ डिसेंबर २००१ पासून सगळ्यांना माफ झाला. आधी तिकीट असलेल्या संग्रहालयांतली गर्दी पुढच्या दहा वर्षांत दुपटीच्याही वर गेली. गरीब वस्त्यांतली माणसं मात्र आजही त्या मानाने कमीच येतात. तिकिटाची भिंत पडली, तरी शिक्षण, सवड आणि बसभाडं या भिंती शिल्लक आहेत.

आता आपल्या घरची गोष्ट. ईस्ट इंडिया कंपनीने १८०१ मध्ये लंडनच्या आपल्या कचेरीत इंडिया म्युझियम सुरू केलं. टिपू सुलतानाचा तो प्रसिद्ध लाकडी वाघ तिथेच ठेवलेला होता. कंपनी गेल्यावर त्याचा कारभार इंडिया ऑफिसकडे आला आणि इंडिया ऑफिसचा खर्च भारताच्या महसुलातून चाले. म्हणजे इथल्या शेतकऱ्याने भरलेल्या शेतसाऱ्यावर लंडनमध्ये कपाटं उभी राहिली. १८७९ मध्ये ते म्युझियम मोडलं आणि त्यातला बराचसा ऐवज साउथ केन्सिंग्टन आणि ब्रिटिश म्युझियमकडे गेला. अमरावतीच्या स्तूपाची शिल्पंही अशीच ब्रिटिश म्युझियममध्ये पोचली. ही अमरावती आंध्रातली बरं का, आपली वऱ्हाडातली नव्हे.

हे सगळं आज सांगण्याचं कारण म्हणजे, संग्रहालयांचा खर्च वाढला की तिकडे एक सूचना पुढे येते : परदेशी पाहुण्यांकडून पैसे घ्या, स्थानिकांना माफ ठेवा. हिशेबाने हे वावगं वाटत नाही. आपल्याकडेही पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांवर परदेशी पाहुण्यांना जास्त तिकीट असतंच. पण ताजमहाल आग्र्यातच आहे, आपण तो कोणाच्या घरून उचलून आणलेला नाही. गुंटूरकडची एखादी मुलगी आपल्या अमरावतीची शिल्पं बघायला लंडनला गेली आणि दारात तिला परदेशी म्हणून पैसे मागितले, तर ते न्याय्य होईल का? तिच्या पूर्वजांनी तिकिटाचे पैसे केव्हाच भरलेले आहेत.

आणि जिला लंडनला जाताच येत नाही, तिचं काय? व्हिसा आणि विमानाचा खर्च धरला तर ते फुकट दालन तिच्यासाठी जगातलं सगळ्यात महाग दालन ठरतं. जुलै २०२४ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली, ती ठरावीक मुदतीच्या उसनवारीवर. ती नेमकी शिवाजी महाराजांचीच का, यावर इतिहासकारांत वाद आहे आणि खुद्द त्या म्युझियमनेही तसा छातीठोक दावा केलेला नाही. तरीही जी वस्तू बघायला समुद्र ओलांडावा लागत होता, ती काही काळ आपल्या मुलखात बघता आली.

तेव्हा मंडळी, लंडनला गेलात तर ही संग्रहालयं जरूर बघा. खास प्रदर्शनांना तिकीट असतं, कायमच्या दालनांना नाही. दाराशी देणगीची पेटी दिसेल. त्यात काही टाकायचं की नाही, हे मी सांगणार नाही. इंडिया म्युझियमचा हिशेब आता तुम्हाला माहीत आहे, तो आठवून तुमचं तुम्हीच ठरवा.