ककडीचे ओसाड शेत : जमीन लावून देणाऱ्या मालकांसाठी दोन हजार वर्षांचा एक धडा

१.
आंबेगाव तालुक्यातील निरगुडसरसारख्या गावात जमिनीचा मालक आणि ती कसणारा हे नेहमी एकच असतात असे नाही. कोणी शेत खंडाने देतो, कोणी अर्धेलीने लावतो. चार पैसे साठले की मंचरला किंवा नारायणगावला एखादा गाळा घेऊन तो भाड्याने द्यावा, असा विचार घरोघरी होतो. अशा वेळी नव्या मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : भाडे किती येईल? याच मुलखाचा इतिहास मात्र त्याआधी वेगळा प्रश्न विचारायला लावतो : तिथे राहणार कोण आणि कसणार कोण?

२.
प्रारंभ जुन्नरपासून करावा. लेण्याद्री, मानमोडी आणि शिवनेरीच्या कड्यांतील बौद्ध लेण्यांत जे शिलालेख आहेत, त्यांत केवळ गुहा आणि पाण्याच्या पोढी कोरून दिल्याच्या नोंदी नाहीत. शेते दान दिल्याच्याही नोंदी आहेत. आडुथुम नावाच्या एका शक उपासकाने वडालिका गावातील करंजाच्या झाडांजवळची २० निवर्तने आणि कटपुटक गावातील वडाजवळची ९ निवर्तने दिली. ‘निवर्तन’ हे त्या काळचे जमीन मोजण्याचे माप. गुहा एकदा खोदून झाली, तरी भिक्षूंचा निर्वाह वर्षानुवर्षे चालायचा असतो. त्यासाठी सतत उत्पन्न देणारी मालमत्ता लागते, हे दात्यांना पक्के ठाऊक होते.

३.
या विचाराचा सर्वांत तपशीलवार हिशेब नाशिकच्या पांडवलेण्यांत सापडतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तेथे लेणे कोरविले. शहराच्या वायव्य सीमेवरचे एक शेत त्याने अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून ४,००० कार्षापणांना विकत घेतले आणि लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या भोजनासाठी दिले. ते शेत अश्विभूतीच्या वडिलांचे होते, हेही लेखात नमूद आहे. विकणारा कोण, जमीन त्याच्याकडे कशी आली, किंमत किती, ठिकाण कोणते, या चारही गोष्टी दगडावर आहेत. आज खरेदीखत वाचताना वकील नेमके हेच तपासतो.

४.
उषवदाताने सर्व भार जमिनीवर टाकला नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, त्याने ३,००० कार्षापण ठेवले : २,००० दरमहा एक टक्का व्याजाने आणि १,००० दरमहा पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे भोगायचे, अशी अट घातली. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखविण्यात आला आणि त्याची रीतसर नोंद झाली. उत्पन्नाचे मार्ग दोन, आणि व्यवहाराला साक्षीदार सगळे नगर.

५.
पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. आपल्या राज्याच्या १८व्या वर्षी त्याने गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा पाठविली : पूर्वी उषवदाताच्या भोगात असलेले अपर ककडी गावचे २०० निवर्तनांचे शेत त्रिरश्मी डोंगरावरील भिक्षूंना द्यावे. त्यासोबत परिहार, म्हणजे सवलतीही दिल्या. राजाच्या अधिकाऱ्यांनी त्या शेतात शिरू नये, त्याच्या कामात हात घालू नये, तिथे मिठासाठी खणू नये. देणारा सम्राट, दस्त दगडावर कोरलेला, सवलती पूर्ण. कागदोपत्री याहून भक्कम मालमत्ता असू शकत नाही.

६.
आणि तरीही ती बुडाली. २४व्या वर्षी राजाला व राजमातेला नवी आज्ञा द्यावी लागली. तिच्यात स्वच्छ कबुली आहे : ककडीचे ते शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही. म्हणून नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून भिक्षूंना १०० निवर्तने द्यावीत. अवघ्या सहा वर्षांत मालकीहक्क अबाधित राहूनही उत्पन्न शून्यावर आले होते. बदली मिळालेली जमीन मोजणीत निम्मी होती, पण ती नगराला लागून होती. ओसाड गावातल्या २०० निवर्तनांपेक्षा वस्तीजवळची १०० निवर्तने पोटाला अधिक आधार देणारी, हा हिशेब समजायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

७.
मराठी राज्यात हे ज्ञान व्यवहारात मुरलेले दिसते. दुष्काळाने किंवा स्वारीने उजाड झालेल्या जमिनीसाठी ‘इस्ताव्याचा कौल’ दिला जाई. पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग दरवर्षी थोडाथोडा वाढत जाऊन काही वर्षांनी पूर्ण दर. यामागे कारण होते. गावात मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असे, म्हणून तो सहसा गाव सोडत नसे. ‘उपरी’ मात्र ठराविक बोलीने जमीन कसणारा. बोली जाचक झाली की तो बैल सोडून दुसऱ्या गावी जाई, आणि त्याच्यामागे पडीक जमीन तेवढी उरे.

८.
इंग्रजांनी हा धडा महागात घेतला. १८१८ नंतर पुणे जिल्ह्यात रयतवारी पद्धत आली. सरकार जणू जमीनदार आणि प्रत्येक शेतकरी त्याचे कूळ. रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याने १८२८च्या सुमारास जिल्ह्याची मोजणी आरंभली. इंग्लंडमध्ये कंपनीच्या ज्या महाविद्यालयात तो शिकला, तेथे माल्थस शिकवीत असे. लागवडीचा सगळा खर्च वजा करून उरणारे निव्वळ उत्पन्न म्हणजेच खंड, हा रिकार्डोचा सिद्धान्त त्याने पुण्याच्या मातीवर लावला. जमिनींचे वर्ग पाडले, खर्चाचे तक्ते मांडले आणि निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरविला.

९.
तक्ते सुबक होते, पण त्यांतील आकडे खरे नव्हते. मोजणीत चुका झाल्या, उत्पन्नाचे अंदाज फुगले आणि धान्याचे भाव तर आधीच उतरलेले. आकारलेला सारा वसूल होईना, थकबाकी माफ करण्याची वेळ आली. अनेक कुटुंबे गावे सोडून गेली, काहींनी निजामाच्या मुलखाची वाट धरली. ककडीचे शेत सतराशे वर्षांनी पुन्हा ओसाड पडले म्हणायचे.

१०.
सुधारणा इंदापूर तालुक्यात झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नव्याने पाहणी केली आणि १८३६पासून कमी केलेला सारा ३० वर्षांसाठी कायम करण्याचे धोरण आले. दर गणिती सूत्रावरून काढण्याऐवजी पूर्वी प्रत्यक्ष किती वसूल होत होता, यावर भर दिला गेला. तीस वर्षे दर चढणार नाही म्हटल्यावर विहीर खणण्यात, बांध घालण्यात शेतकऱ्याला अर्थ वाटू लागला. पडीक जमीन पुन्हा लागवडीखाली आली. पुढे मुंबई इलाख्याची जमाबंदी याच पायावर उभी राहिली.

११.
निरगुडसरचा तरुण शेत खंडाने देताना किंवा गाळा भाड्याने देताना या इतिहासातून काय घेईल? मालमत्ता वस्तीजवळची पाहावी, क्षेत्रफळ थोडे कमी असले तरी चालेल. विकणाऱ्याकडे ती कशी आली, हे उषवदाताइतक्याच बारकाईने पाहावे आणि करार तोंडी न ठेवता नोंदवावा. भाडे मनातल्या अपेक्षेवरून न ठरवता शेजारी खरोखर किती मिळते, त्यावरून ठरवावे. जागा बराच काळ रिकामी असेल, तर पहिले काही महिने इस्ताव्यासारखी सवलत द्यावी. भाडेकरू नीट वागत असेल, तर त्याच्या कामात रोज डोकावू नये. सम्राटानेही आपल्या अधिकाऱ्यांना शेतात शिरायला मनाई केली होती. एखादे वर्ष जागा रिकामी राहिली तरी घर चालेल, अशी दुसरी सोयही आधीच करून ठेवावी.

१२.
पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्यात या दोन्ही आज्ञा आजही आहेत. १८व्या वर्षीची आज्ञा वाचून थांबणाऱ्याला सम्राटाचे औदार्य दिसते. तिच्या खाली कोरलेली २४व्या वर्षीची आज्ञा वाचणाऱ्याला त्या औदार्याचे पुढे काय झाले, तेही कळते.