आम्ल पाणी, धातू आणि माशांची पिल्ले : एका निष्कर्षाचा इतिहास

आम्लपर्जन्यामुळे मासे मरतात, हे विधान पाठ्यपुस्तकांत इतके रूढ झाले आहे की, त्यामागील कारणमीमांसा कशी बदलत गेली याकडे सहसा लक्ष जात नाही. प्रस्तुत निबंधात हा बदल तपासावयाचा आहे.

आम्ल पाण्याचा ट्राउट माशाच्या पिल्लांवर होणारा परिणाम नॉर्वेचे मत्स्यतज्ज्ञ क्नुट डाल यांनी 1927 मध्येच नोंदविला होता. आल्फ डानेव्हिग यांनी 1959 मध्ये त्याचा संबंध पावसाच्या आम्लतेशी जोडला, तर 1967 मध्ये स्वीडनचे स्वांते ओडेन यांनी हा प्रश्न वृत्तपत्रातून जनतेपुढे मांडला. त्या काळी तळ्यांतून एक विलक्षण चित्र दिसे : मोठे, वयस्क मासे शिल्लक असत, नवी पिढी मात्र नसे. मृत मासे पाण्यावर तरंगत नसल्याने ऱ्हास वर्षानुवर्षे ध्यानातही येत नसे.

तोवर दोष केवळ हायड्रोजन आयनांना दिला जात होता. तथापि, प्रयोगशाळेत ज्या सामूला मासे तग धरीत, त्याच सामूच्या नैसर्गिक पाण्यात ते मरत. या विसंगतीचा उलगडा अमेरिकेतील ॲडिरोंडॅक पर्वतराजीत झाला. क्रोनन व स्कोफील्ड यांनी 1979 मध्ये दाखविले की, आम्लपर्जन्य मातीतील अ‍ॅल्युमिनियम विरघळवून ते ओढ्यांत व तळ्यांत आणते. (अ‍ॅल्युमिनियम हा घनतेने जड धातू नव्हे, विषशास्त्रात मात्र तो त्याच पंक्तीस बसतो.) पुढील वर्षी ड्रिस्कॉल व सहकाऱ्यांनी एकूण प्रमाणापेक्षा धातूचे रासायनिक रूप निर्णायक असल्याचे सिद्ध केले. सेंद्रिय पदार्थांशी बद्ध अ‍ॅल्युमिनियम तुलनेने निरुपद्रवी असते. असेंद्रिय रूप कल्ल्यांवर साचून श्वसन व क्षारसंतुलन दोन्ही बिघडवते.

बेकर व स्कोफील्ड यांचे 1982 मधील निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. अतिशय आम्ल पाण्यात अ‍ॅल्युमिनियममुळे अंडी अधिक टिकली. पिल्लांना मात्र तोच धातू घातक ठरला, आणि तोही सर्वाधिक आम्ल पाण्यात नव्हे, तर सामू 5.2 ते 5.4 च्या आसपास. म्हणजे जीवनावस्था सांगितल्याखेरीज ‘घातक मर्यादा’ हा शब्दप्रयोग अपुरा आहे. तांबे, कॅडमियम, जस्त यांबाबतही सरळ नियम सांगता येत नाही. सामू घटल्यास मुक्त आयन वाढतात खरे, परंतु कल्ल्यांवरील बंधस्थानांसाठी हायड्रोजन आयन त्यांच्याशी स्पर्धाही करतात. कॅल्शियमही तेच करते. आपल्याकडील विषाक्तता-चाचण्यांत सामू व कठिणता एका ओळीत उरकण्याची प्रथा म्हणूनच खटकते.

या ज्ञानाचा कस उपाययोजनेत लागला. दक्षिण नॉर्वेतील नद्यांत चुनखडी टाकून सामन मासे परत आणण्याचे प्रयत्न झाले व अनेक ठिकाणी ते यशस्वीही ठरले. मात्र आउडना नदीवरील, 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोसेलान्ड व सहकाऱ्यांना असे आढळले की, चुनखडीने सुधारलेले पाणी व आम्ल उपनदीचे पाणी जेथे नुकतेच मिसळते, तेथे सामू वाढलेला असूनही ते मूळ आम्ल पाण्यापेक्षा अधिक विषारी असते. रूपांतराच्या मधल्या अवस्थेतील अ‍ॅल्युमिनियम तेथे माशांच्या कल्ल्यांवर साचत होते.