आसईचे गोलंदाज

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "मधल्या सुट्टीतल्या बोरं-चिंचांवर लिहितो." उत्तर आलं, "बोरांवर आतापर्यंत अकरा लेख आलेत. तू इतिहासावर लिही. आणि ते तुझं खेळणं शाळेला देणार आहेस ना, त्याबद्दल लिही." तर हा लेख त्या खेळण्याबद्दल आहे. त्याला डायोरामा म्हणतात. सोपं करून सांगायचं तर आपला दिवाळीतला किल्लाच. फक्त तो पाडव्यानंतर मोडायचा नसतो, आणि त्यातली प्रत्येक वस्तू खऱ्या मापाच्या ठरावीक पटीत असावी लागते.

नववीची सहल आठवते का? बाकीच्या तुकड्या वेरूळला गेल्या आणि इतिहासाच्या सरांनी आपल्याला एसटीत घालून आसईला नेलं. जालन्याहून साठेक किलोमीटर. तिथं पोचलो तर लेणी नाहीत, देऊळ नाही, भेळवालासुद्धा नाही. काळं रान, बाभळी आणि गुडघाभर पाण्याची केळणा. आपण सगळे वैतागलो होतो. सरांनी पाण्यात उभं राहून विचारलं, "इथं तोफांवर मेले त्यांच्यातल्या एकाचं तरी नाव सांगा." कुणालाच सांगता आलं नाही. सर म्हणाले, "मलाही येत नाही," आणि धोतर सावरत काठावर आले. पुस्तकात असईच्या लढाईवर एकच ओळ होती आणि ती वेलस्लीबद्दल होती.

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाची सुरुवात कशी झाली हे थोडक्यात सांगतो. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांना ते मानवलं नाही. १२ ऑगस्ट १८०३ला अहमदनगरचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. पुढे चाळीस-बेचाळीस दिवसांनी, २३ सप्टेंबरला, चौतीस वर्षांच्या आर्थर वेलस्लीला शिंदे-भोसल्यांची छावणी केळणेपलीकडे पसरलेली दिसली. त्याच्याजवळ लढाऊ कवायती फौज साडेचार हजारांच्या आसपास. समोर दहा-अकरा हजार कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा आणि कित्येक पटींनी जास्त घोडदळ. कवायती पायदळाचा मुख्य होता अँटनी पोलमन, हॅनोवरचा जर्मन.

वाटाडे म्हणाले, नदीला जवळपास उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिलं तर दोन गावं नदीच्या दोन काठांवर समोरासमोर होती. इंग्रजी कागदांत ती पीपलगाव आणि वारूर अशी लिहिली आहेत. त्याने विचार केला, अशी गावं असली तर मधून जायची वाट असणारच. वाट होती. आपल्या भागात कुणाही गुराख्याने हे दुर्बीण न लावता सांगितलं असतं, पण ज्याने फौज उतरवली त्याचं नाव राहिलं. नदी ओलांडताना त्याच्या शेजारच्या स्वाराचं डोकं तोफेच्या गोळ्याने उडालं, म्हणजे आपले गोलंदाज तोवर नेमाला लागलेले होते.

वेलस्लीला वाटलं होतं की मराठी फौज नदीकडे तोंड करून आहे, तर आपण तिच्या कुशीत शिरू. पण पोलमनने सगळी रांग काटकोनात फिरवली. उजवं टोक केळणेवर, डावं आसई गावाला टेकलेलं, पाठीला मोकळं रान आणि तोंड पूर्वेला. चालत्या लढाईत इतकी मोठी रांग तोफांसकट फिरवणं हे कवायतीचं अवघड काम, आणि ते शिंद्यांच्या शिपायांनी केलं. मग तोफा सुरू झाल्या. इंग्रजांच्या तोफांचे बैल आणि गोलंदाज पटापट पडले, त्यांच्या तोफा जवळजवळ गप्पच झाल्या. उजवीकडे काही तुकड्या चुकून थेट आसई गावाच्या तोंडावर गेल्या आणि मागोमाग ७४वी हायलँडर पलटण. त्या पलटणीतल्या सुमारे पाचशेपैकी चारशेच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली.

डावीकडे ७८वी पलटण आणि मद्रासी शिपाई मात्र संगिनी घेऊन तोफांपर्यंत पोचले. इथल्या हकिगती इंग्रज अधिकाऱ्यांनीच लिहून ठेवल्या आहेत: पायदळ मागे सरलं तरी गोलंदाज तोफांपासून हलले नाहीत, संगिनी अंगात शिरेपर्यंत. रांग पुढे निघून गेली. मग मुडद्यांत पडलेल्यांपैकी काहीजण उठले, तोफा उलट्या फिरवल्या आणि पुढे गेलेल्या इंग्रजांच्या पाठीवर डागल्या. वेलस्लीला ७८वी पलटण आणि मद्रासचं देशी घोडदळ घेऊन परत यावं लागलं. त्या दुसऱ्या झटापटीत त्याच्या डायोमेड नावाच्या आवडत्या घोड्याला भाला लागला. इंग्रजांची त्या दिवसाची मोजदाद ४२८ ठार, ११३८ जखमी, १८ बेपत्ता. मराठ्यांकडचे सुमारे १२०० मुडदे मैदानात पडले होते, असा वेलस्लीचा अंदाज. मोजले मात्र कुणी नाहीत. मोजल्या त्या तोफा, ९८. त्या इतक्या चांगल्या होत्या की आमच्याच कामाला येतील, असं त्याने पत्रात लिहिलं. पुढे वॉटर्लू जिंकलेला हा माणूस म्हातारपणीसुद्धा आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून आसईचं नाव घेत असे. आणि पोलमन? तो नंतर कंपनीच्याच नोकरीत शिरला.

आता खेळण्याकडे येतो. निवृत्त झालो, तीस वर्षं टूलरूममध्ये काढल्यावर हात रिकामे राहवेनात. १:३२ हे प्रमाण घेतलं, त्यात माणूस साधारण ५४ मिलिमीटरचा होतो. आधी वाटलं होतं, अख्खी लढाई करू. हिशेब केला तर दोन नद्यांमधली दीडेक किलोमीटरची रांग या प्रमाणात सत्तेचाळीस मीटर भरते! मग ठरवलं, एकच तोफ करायची. पाटाएवढी जागा, साठ बाय चाळीस सेंटिमीटर. म्हणजे खऱ्या जमिनीवर एकोणीस मीटर बाय तेरा. आणि क्षण तो, तोफ उलटी फिरवण्याचा.

सुटे भाग विकत मिळतात, पण शिंद्यांच्या तोफखान्याचे कुणी विकत नाही. सगळं हातानेच करावं लागलं. नळी पितळी सळईतून लेथवर काढली, पाच सेंटिमीटरची. त्या काळी शिंद्यांच्या तोफा आग्र्याच्या कारखान्यात ओतल्या जात, सँगस्टर नावाच्या स्कॉट माणसाच्या देखरेखीखाली. माझी तोफ तोंडाकडून पाहिली की भोक किंचित बाजूला सरकलेलं दिसतं. सँगस्टरने ती नाकारली असती.

चाकांनी दोन महिने खाल्ले. तुंबा, बारा आरे, सहा पाटे, वर धाव. बैलगाडीचं चाक मी लहानपणापासून पाहिलेलं, पण करायला बसल्यावर कळलं की आरे तुंब्यात सरळ नसतात, किंचित बाहेर कललेले असतात, म्हणजे चाक बशीसारखं होतं आणि खड्ड्यात आडवा धक्का सोसतं. पहिली चार चाकं सपाट झाली आणि चारही फेकली. शेवटी आरे उदबत्तीच्या काड्यांचे, पाटे आइस्क्रीमच्या काड्यांचे आणि धाव पत्र्याच्या डब्याच्या पट्टीची. पंखा दुरुस्त करणाऱ्याकडून जळलेल्या मोटारीची तांब्याची तार आणली, तिच्यातून साखळ्या आणि माणसांचे सांगाडे झाले. त्या सांगाड्यांवर एम-सीलचं मांस. जमिनीला शाडू, वर वापरून वाळवलेली चहापत्ती. आमच्या काळ्या रानाला तिच्यासारखा रंग नाही. गवत काथ्याचं.

काठावरचं पाणी मात्र अंगाशी आलं. पारदर्शक इपॉक्सी पातळ थरांत ओतायचं असतं, प्रत्येक थर सुकू द्यायचा असतो. मी घाईने दोन सेंटिमीटरचा थर एकदम ओतला. इपॉक्सी सुकताना तापतं, आणि खाली होता थर्माकोल. पहाटे वास आला म्हणून उठलो तर नदी खाली खचली होती आणि काठचा एक शिपाई कमरेपर्यंत आत गेला होता. घरात आठ दिवस तो विषय होता.

खरी अडचण वेगळीच आली. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण मावळे ठेवायचो, शिंगवाला ठेवायचो, वर महाराज ठेवायचो. मेलेला मावळा कुणी ठेवला होता का? बाजारात तो मिळतच नव्हता. शत्रूही मिळत नव्हता. माझ्या पाटावर आठ माणसं होती आणि त्यातली पाच पडलेली. पडलेला माणूस करणं उभ्यापेक्षा अवघड असतं. तार वाकवून आडवी ठेवली की ती झोपलेल्या माणसासारखी दिसते. मेलेल्याचा हात अंगाखाली अडकतो, मान भलतीकडे वळते, पागोटं सुटून लांब पडतं. हे मला एका अपघातामुळे ठाऊक होतं, तो इथे सांगत नाही.

पाचांपैकी एक जिवंत आहे. तो अजून उठलेला नाही.

रंगकामात सूर्याने मदत केली. लढाई दुपारनंतरची आणि मराठी रांगेचं तोंड पूर्वेला, म्हणजे तोवर उन्ह त्यांच्या पाठीवर होतं. तोफ उलटी फिरवली की गोलंदाजांचं तोंड पश्चिमेला आलं आणि मावळतीचं उन्ह थेट चेहऱ्यावर. हे लक्षात आल्यावर उजेड कुठं द्यायचा हा प्रश्नच मिटला: तिघा उभ्यांचे चेहरे उजळ, पाठी काळपट, नळीवर पश्चिमेकडून पिवळी रेघ. कपड्यांच्या मूळ रंगावर मात्र मी डोकं फोडलं नाही. दोन तास तोफ चालवलेल्या माणसाचा मूळ रंग उरतो कुठे? आधी सगळ्यांना गडद तपकिरी अस्तर दिलं, त्यावर कापडाचा रंग, मग पाण्यासारखा पातळ काळा घड्यांत उतरू दिला आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने वरवर धुळीचा रंग फिरवला. डोळे काढले नाहीत. या मापात पांढरा ठिपका दिला की माणूस वटारून बघतो. भुवईखाली सावली दिली की पुरतं.

ग्रुपवर फोटो टाकले आणि भांडण पेटलं, ते बहुतेकांनी वाचलंच आहे. "हरलेली लढाई कशाला? पावनखिंड कर." "मेल्याचं सोंग घेऊन पाठीवर वार, हे शाळेत ठेवणार?" यावर आपल्या फौजी मित्राने एकच ओळ टाकली: "तोफ सोडून पळायला वाट मोकळी होती, ते पळाले नाहीत, एवढं बघा." मला त्याचं पटतं. इंग्रजांनी त्यात दगा पाहिला, त्यांच्या पाठीवर गोळे आले म्हणून. पण ज्यांचे सरदार निघून गेले, पायदळ सरलं, ज्यांना कुणी हुकूम दिला नाही, ते पुन्हा तोफेपाशी का गेले असतील? याचं उत्तर पगारात नाही. आणखी एक गोष्ट ग्रुपवर कुणी काढली नाही, म्हणून इथे लिहितो. त्या दिवशी पेशव्याचं घोडदळही इंग्रजांच्या बाजूने नदीपलीकडे उभं होतं आणि संगीन चालवणारे बहुतेक हात मद्रासी होते. आजही आपल्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर आसईचा हत्ती आहे. "आपले" कोण, हे त्या पाटावर रंगवून दाखवता येत नाही, आणि मी तसा प्रयत्नही केला नाही.

गोलंदाज म्हटलं की आता मुलांना क्रिकेटच आठवतं. नातू विचारतो, "आजोबा, यांच्यात स्पिनर कोण?"

गेल्या महिन्यात पाट रिक्षात मांडीवर घेऊन सरांकडे गेलो. सर आता ऐंशी पार आहेत, भिंग घेऊन बघतात. अर्धा तास बोलले नाहीत. मग भिंगाच्या दांडीने पडलेल्यांवरून एकेक करत गेले आणि बरोबर त्या एकाजवळ थांबले. "हा उठणार." मी विचारलं, कसं ओळखलंत. म्हणाले, "मूठ वळलीय." मला खरंच माहीत नव्हतं. तार नीट कापली गेली नव्हती, म्हणून बोटं आत वळवली होती.

चहा झाला. मी पाट उचलायला लागलो तर सर म्हणाले, "बैल कुठे आहेत?"

मी काही बोललो नाही. तोफ तिथवर ओढत कुणी आणली? प्रत्येक तोफेमागे जोड्यांच्या जोड्या असत, इंग्रजांच्या तोफा गप्प झाल्या त्या बैल पडल्यामुळेच, हे मी वर तुम्हाला लिहिलंय. आणि माझ्या पाटावर बैल नव्हते, कारण बैल जमत नाहीत. घोडा पुस्तकं बघून करता येतो, पण बैल चुकला तर गावातलं शेंबडं पोरही हसेल.

सध्या दोन बैल टेबलावर आहेत. पोळ्याला कुंभाराकडे मातीचे बैल घेतले होते, त्यांची वशिंडं आणि पायांची ठेवण बघून केलेत. एक उभा आहे, दावं तुटलेला. एक बसलेला, जखमी. बसलेला बरा जमलाय. उभ्याची शिंगं तिसऱ्यांदा मोडली, आता बाभळीच्या काट्यांची लावली आहेत. अस्तर दिलंय, रंगाचे तीन हात बाकी आहेत. मेळाव्याच्या आदल्या दिवशी पाट ग्रंथालयातल्या काचेच्या कपाटात ठेवू. कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे राहील. लहान मुलांना बघायचं असेल तर खाली एक स्टूल ठेवा, कपाट उंच आहे.