धातूच्या कृत्रिम सांध्यांवरील जंतुसंसर्गाचा प्रवर्तन-उष्णतोपचार

धातूच्या कृत्रिम सांध्यांवरील जंतुसंसर्गाचा प्रवर्तन-उष्णतोपचार ही एक प्रायोगिक उपचारपद्धती आहे. शरीरात बसवलेला गुडघ्याचा किंवा खुब्याचा धातूचा सांधा बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून तापवणे व त्यावरील जिवाणू शस्त्रक्रियेविना नष्ट करणे, हा तिचा उद्देश होय.

पार्श्वभूमी

सांधेरोपण झालेल्यांपैकी साधारणतः १ ते २ टक्के रुग्णांच्या कृत्रिम सांध्याला जंतुसंसर्ग होतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस, स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस यांसारखे जिवाणू धातूला चिकटून स्वतःभोवती बुळबुळीत आवरण तयार करतात. बायोफिल्म नावाच्या या थरातील जिवाणू प्रतिजैविकांना सहसा दाद देत नाहीत. संसर्ग जुना असल्यास बहुधा सांधा काढून प्रतिजैविकमिश्रित बोन सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवतात आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेत नवा सांधा बसवतात. मधल्या काळात रुग्णाच्या हालचालींवर मोठी मर्यादा येते. खर्चही दुहेरी होतो. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या कृत्रिम गुडघ्याची कमाल किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरवली, तर पुनर्शस्त्रक्रियेसाठीच्या गुडघ्याची १,१३,९५० रुपये. रुग्णालयाचा खर्च याहून वेगळा.

कार्यपद्धती

या पद्धतीचे तत्त्व स्वयंपाकघरातील इंडक्शन शेगडीचेच आहे. सांध्याभोवती ठेवलेल्या तारेच्या वेटोळ्यातून उच्च वारंवारतेचा प्रत्यावर्ती प्रवाह सोडला की धातूत भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह निर्माण होतात व धातू तापतो. वारंवारता उच्च असल्याने हे प्रवाह धातूच्या पृष्ठभागालगतच्या पातळ थरातच एकवटतात. बायोफिल्म नेमकी तेथेच असते, म्हणून ही उष्णता उपयोगी पडते.

संशोधन

२०१७ मध्ये नेदरलँड्समधील लायडेन येथील बार्ट पाइल्स व सहकाऱ्यांनी टायटॅनियम मिश्रधातूच्या चकत्या साडेतीन मिनिटे तापवून त्यांवरील जिवाणू व यीस्ट यांवर होणारा परिणाम तपासला. त्याच वर्षी अमेरिकेतील डॅलस येथील राजीव चोप्रा, डेव्हिड ग्रीनबर्ग व सहकाऱ्यांनी प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्राच्या वापराविषयी संशोधन प्रसिद्ध केले. चुंबकीय क्षेत्र व प्रतिजैविके यांचा एकत्रित परिणाम दोहोंच्या सुट्या परिणामांहून बराच अधिक असतो, असे डॅलस येथील गटाने २०२१ मध्ये दाखवले. त्यामुळे या उपचाराकडे प्रतिजैविकांना पर्याय म्हणून नव्हे, तर त्यांची जोड म्हणून पाहणे अधिक योग्य ठरते.

अडचणी

मुख्य अडचण तापमानाची आहे. हाडाचे तापमान एक मिनिटभर ४७ अंश सेल्सिअस राहिले तरी त्याला इजा होते, असे एरिक्सन व अल्ब्रेक्टसन यांच्या सशांवरील प्रयोगांत १९८३ मध्ये दिसून आले होते. बायोफिल्म केवळ उष्णतेने मारण्यास मात्र याहून बरेच अधिक तापमान लागते. म्हणून क्षेत्र अत्यल्प काळ लावून, मध्ये थांबून, पुन्हा लावण्याचे प्रयोग झाले आहेत. थांबण्याच्या काळात भोवतालच्या ऊती निवतात. सांध्याचा आकार वक्र असल्याने तो सर्वत्र सारखा तापत नाही, शिवाय टायटॅनियम व कोबाल्ट-क्रोमियम यांचे तापणेही निराळे असते. गुडघ्यातील पॉलिथिलिनची गादी विद्युत्वाहक नसल्याने या क्षेत्राने मुळीच तापत नाही. तिच्यावरील जिवाणूंपर्यंत उपचार थेट पोहोचत नाही.