रेडिओ ते संगणक : रवांडाची कहाणी

माहिती-तंत्रज्ञान आले की देशाचा विकास होतो, हे वाक्य विद्यार्थ्यांच्या निबंधात आणि मोठ्यांच्या भाषणांत हमखास आढळते. ते खरे की खोटे हे तपासायचे तर एखादे प्रत्यक्ष उदाहरण घ्यायला हवे. आम्हाला त्यासाठी आफ्रिकेतील रवांडा हा देश योग्य वाटतो. तिथे हा प्रयोग लेखी योजना आखून, चांगली वीस वर्षे झाला.

रवांडा लहानसा, डोंगराळ देश आहे. क्षेत्रफळ सुमारे २६,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. समुद्र हजार किलोमीटरहून दूर. बहुतेक लोक शेतीवर जगणारे. माहितीच्या साधनांचा या देशाला आलेला पूर्वानुभव मात्र भयंकर होता. बेल्जियमच्या वसाहती राजवटीने १९३०च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू, तुत्सी की त्वा अशी नोंद करायला सुरुवात केली. १९६२मध्ये देश स्वतंत्र झाला, पण ही नोंद तशीच राहिली. १९९३मध्ये ‘आर.टी.एल.एम.’ नावाचे खाजगी रेडिओ केंद्र सुरू झाले आणि त्याने तुत्सींविरुद्ध द्वेष पसरवला. १९९४च्या एप्रिल ते जुलै या काळात, सुमारे शंभर दिवसांत, अंदाजे आठ लाख माणसे मारली गेली. रस्त्यांवरील नाक्यांवर ओळखपत्रातील नोंद पाहून माणसे वेगळी काढली जात होती आणि रेडिओ मारेकऱ्यांना चिथावत होता. ओळखपत्र काय किंवा ट्रान्झिस्टर काय, दोन्ही माहितीचीच साधने!

हत्याकांडानंतर ओळखपत्रावरील ती नोंद काढून टाकण्यात आली. २००० साली नव्या शासनाने ‘व्हिजन २०२०’ हा आराखडा तयार केला. वीस वर्षांत दरडोई वार्षिक उत्पन्न ९०० डॉलरपर्यंत न्यायचे, देश मध्यम उत्पन्नाच्या गटात आणायचा आणि शेतीवरचा भार कमी करून ज्ञानावर आधारलेली अर्थव्यवस्था उभारायची, असे त्याचे स्वरूप होते. त्याला जोडून माहिती-तंत्रज्ञानाच्या पंचवार्षिक योजना आल्या. पहिलीत (२००१–०५) कायदे आणि संस्था, दुसरीत (२००६–१०) तारा आणि यंत्रे, तिसरीत (२०११–१५) लोकांसाठी सेवा, असा त्यांचा क्रम होता.

यातील तारांचे महत्त्व वर्गात सहज समजावता येईल. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला २००९मध्ये समुद्राखालील केबल पोचेपर्यंत रवांडाचा जगाशी संपर्क मुख्यतः उपग्रहामार्फत होत असे. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली येईपर्यंत ७२,००० किलोमीटर अंतर कापतो. सेकंदाला तीन लाख किलोमीटर या वेगाने त्याला ०.२४ सेकंद लागतात. उत्तर परत यायला तेवढेच आणखी. काचेच्या तंतूतून प्रकाश काहीसा हळू, म्हणजे सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. तरी किनाऱ्यापर्यंतचे १,५०० किलोमीटर अंतर तो ०.०१ सेकंदाच्या आत पार करतो. शिवाय एका तंतूतून उपग्रहापेक्षा कितीतरी अधिक माहिती पाठवता येते. दुसऱ्या योजनेअखेर रवांडाने दोन हजार किलोमीटरहून अधिक लांबीची अशी केबल टाकून सर्व ३० जिल्हे जोडले.

पण सर्वात उपयोगी ठरलेली काही कामे साध्या फोनवर झाली. २००५मध्ये एचआयव्हीच्या उपचार केंद्रांनी रुग्णांची संख्या आणि शिल्लक औषधसाठा फोनची बटणे दाबून कळवायला सुरुवात केली. पुढे खेड्यातील आरोग्यसेविका गर्भवतीची नोंद एसएमएसने पाठवू लागल्या. तपासणीची तारीख जवळ आली की आठवणीचा संदेश येई. धोक्याचे लक्षण कळवले की आरोग्यकेंद्राला सूचना जाई. अशा सेवक-सेविका देशभरात सुमारे ४५,००० होत्या, गावकऱ्यांनीच निवडलेल्या.

त्याचा परिणाम काय झाला? एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंची संख्या २०००च्या पाहणीत १,०७१ होती. २००५मध्ये ती ७५०, २०१०मध्ये ४७६ आणि २०१५मध्ये २१० झाली. हे आकडे पाहून एसएमएसला सगळे श्रेय देण्याचा मोह होतो. पण दोन घटना एकामागून एक घडल्या म्हणजे पहिली दुसरीचे कारण असतेच असे नाही, हे आम्ही संशोधनात पदोपदी शिकलो आहोत. इथे तर पहिली मोठी घट एसएमएस सुरू होण्यापूर्वीचीच आहे! आरोग्य विमा, दवाखान्यात होणारी बाळंतपणे आणि गावोगावच्या सेविका यांनी पाया घातला होता. फोनने त्या सेविकेचा निरोप वेळेवर पोचवला, एवढेच त्याचे काम, आणि तेही मोलाचे.

शाळांत असा पाया तयार नव्हता. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय योजनेत २००८पासून रवांडाच्या प्राथमिक शाळांना दोन लाखांहून अधिक लॅपटॉप मिळाले. पण २०१०च्या सुमारास दहांपैकी जेमतेम एका घरात वीज होती, आणि अनेक शाळांतही ती नव्हती. २००८मध्येच शाळांचे माध्यम इंग्रजी करण्याचा निर्णय झाला. बहुसंख्य शिक्षक फ्रेंचमधून शिकलेले होते. नवे यंत्र आणि नवी भाषा, दोन्ही एकदम शिक्षकांपुढे आली. पुढे धोरण बदलले आणि शाळेतील एखाद-दोन खोल्यांत संगणक व इंटरनेट ठेवून ते सर्वांनी वापरायचे असे ठरले.

२०२० उजाडले तेव्हा रवांडा मध्यम उत्पन्नाच्या गटात पोचला नव्हता. नव्या आराखड्यात पुढच्या तारखा घालाव्या लागल्या. वृत्तपत्रे आणि विरोधक यांच्यावरील निर्बंधांबद्दल मानवी हक्क संघटना या देशावर टीका करीत आल्या आहेत. ज्या देशाने रेडिओचा विखार भोगला तिथे कोणी काय बोलावे हे कोण ठरवणार, हा प्रश्न केबल टाकून सुटलेला नाही.

मातामृत्यूंचे वरचे चार आकडे विद्यार्थ्यांना द्यावेत, त्यांचा आलेख काढून घ्यावा आणि विचारावे : यात फोनचा वाटा किती, हे शोधायला आणखी कोणती माहिती लागेल? एखादा विद्यार्थी म्हणेल, जिथे फोन दिला नव्हता त्या जिल्ह्याचे आकडेही पाहू या. त्याला शाबासकी द्यावी. आणि आपल्या शाळेत नवे यंत्र येईल तेव्हा हाच प्रश्न आपणही विचारावा.