अडखळणारा मास्तर

इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी एका सरांना म्हटलं, "सर, मला लेक्चरर व्हायचंय." म्हणजे म्हणायला गेलो, पण 'ले'वरच गाडी अडकली. सर भला माणूस. माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "अरे, तू सॉफ्टवेअरमध्ये जा. तिथे फारसं बोलावं लागत नाही." (रोज सकाळी स्टँड-अप मीटिंग असते हे त्यांना कोण सांगणार!)

ते वाक्य गेली सहा वर्षं डोक्यात आहे. त्यामुळे मध्यंतरी 'ॲलिस'वाल्या लुईस कॅरोलबद्दल वाचायला घेतलं आणि त्यातच अडकलो.

लुईस कॅरोल हे टोपणनाव. खरं नाव चार्ल्स डॉजसन, जन्म १८३२. अकरा भावंडांतला थोरला मुलगा. तो बोलताना अडखळायचा, त्याच्या अनेक भावंडांनाही तोच त्रास. आणि हा गृहस्थ पोटापाण्यासाठी काय करायचा? ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवायचा! १८५५ ते १८८१, म्हणजे तब्बल २६ वर्षं.

स्वतःचं आडनाव 'डो-डो-डॉजसन' असं सांगायचा म्हणून पुस्तकात डोडो पक्षी आला, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. मस्त आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही.

आता 'जिद्दीने दोषावर मात' वगैरे वाचायची अपेक्षा असेल, तर सॉरी. तसं झालं नाही. हेस्टिंग्जला जेम्स हंट नावाच्या तज्ज्ञाकडे त्याने उपचार घेतले, तरी अडखळणं आयुष्यभर राहिलं. १८६१ साली तो चर्चमध्ये डीकन झाला, पुढची धर्मगुरूची दीक्षा मात्र त्याने कधीच घेतली नाही. त्याच्या कारणांत बोलण्याची भीतीही धरली जाते. कॉलेजातले त्याचे तास रटाळ असत, अशाही आठवणी आहेत.

मला खरी गंमत वाटली ती पुढची. नोकरी सोडल्यावर, १८८६-८७ च्या सुमारास, तो ऑक्सफर्डमध्ये मुलींना तर्कशास्त्र शिकवायला लागला. तेही आपण होऊन. त्यासाठी त्याने 'द गेम ऑफ लॉजिक' नावाचा खेळच बनवला. एक पट आणि नऊ सोंगट्या, चार लाल, पाच राखाडी. लाल ठेवली की 'या घरात काहीतरी आहे', राखाडी ठेवली की 'हे घर रिकामं'. विधानं पटावर मांडायची आणि निष्कर्ष डोळ्यांनी वाचायचा. आपलेच एक आणि शून्य की हो!

अडखळण्यामुळेच त्याने हे केलं असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण मला त्यात एक वाट दिसली. शिकवणं म्हणजे तासभर धबधब्यासारखं बोलणं, असं मी आणि माझे सर दोघंही धरून चाललो होतो. मास्तर गप्प असताना मुलं सोंगट्या हलवतायत, तेही शिकवणंच.

असो. पुढच्या शनिवारपासून एका रात्रशाळेत दहावीला गणित शिकवायला 'हो' म्हटलंय. पुठ्ठ्याचे पट कापून ठेवलेत. 'मी अडखळतो' हे पहिल्याच मिनिटाला सांगून टाकणार आहे.

नाव सांगायला जरा वेळ लागेल. पण तास चांगला पाऊण तासाचा आहे.